एकच पासवर्ड

कुंदाताई थूल यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली. दोन माणसांचं बोलणं जोडून द्यायचं, त्यातलं कानावर पडेल ते तिथंच सोडून द्यायचं, ही सवय त्यांना तिथं लागली. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी वर्ध्याजवळ नालवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि घरातून मार खाऊन निघालेल्या बायांसाठी केंद्र सुरू केलं, तेव्हाही ती सवय सुटली नाही. फोन वाजला की "जय भीम, बोला" एवढंच म्हणायच्या. मग पलीकडची बाई रडू दे, गप्प राहू दे, यांच्या तोंडून शब्द नाही. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, लाइन कट झाली वाटतं.

ठेंगण्या होत्या. साडीवर मुलाचे जुने कापडी बूट घालायच्या, कारण टाचा फुटून रक्त यायचं. कोणी हसलं तर म्हणायच्या, "पाय माहे हायेत ना? मग हस ना बापा, मले कुठं लागते." मुलगा पुण्यात होता. त्याच्याबद्दल बोलायच्या नाहीत. नवऱ्याबद्दल तर कधीच नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण ज्या घरात दिवसभर दुसऱ्यांना विचारायचं काम चालतं तिथं आपसांत कोणी विचारत नाही.

केंद्रात येणाऱ्या बाईला त्या कधी समोर बसवत नसत. दोन खुर्च्या खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवलेल्या. खिडकीतून पिठाची गिरणी दिसायची. बाईनं गिरणीकडे पाहत बोलायचं, कुंदाताईंनी गिरणीकडे पाहत ऐकायचं. "तोंडाकडे पाह्यलं की बाई आपल्याले आवडन तसं सांगते," असं त्यांचं म्हणणं. शिवाय गिरणीच्या घरघरीत आतलं बोलणं बाहेरच्या बाकापर्यंत जात नसे. "केस" हा शब्द त्यांना चालायचा नाही. मी एकदा म्हणाले, "ताई, ती आर्वीची केस..." तर त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली. "आर्वीची बाई. नाव हाय तिले. नाव घे." त्या दिवसापासून मी नाव घेते. आता दुसऱ्या नोकरीत आहे, तिथंही घेते. लोकांना विचित्र वाटतं.

आम्ही तिघी होतो. कुंदाताई, मी आणि सरोजताई. सरोजताई साठीच्या, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. त्या टायपिंग करायच्या. बाईनं सांगितलेलं कुंदाताई ऐकायच्या, बाई गेली की शब्द न शब्द सांगायच्या, सरोजताई टाइप करायच्या. मी पोलीस ठाणं, कोर्ट, दवाखाना असं बाहेरचं पाहायचे.

सुरुवातीला एक जुना कंप्युटर होता. एका सकाळी गेलो तर कुलूप तोडलेलं. पंखा होता, गॅसची शेगडी होती, कपाटही होतं तसंच. फक्त कंप्युटर नव्हता. साधा चोर होता की कोणाचा नवरा, ते कधीच कळलं नाही. पोलीस म्हणाले, भंगारात गेला असेल, सोडा. कुंदाताईंनी सोडलं नाही. पुढचा महिनाभर त्या एसटीनं, ऑटोनं, पायी गावोगाव फिरल्या. ज्या ज्या बाईचं त्या कंप्युटरमध्ये काही होतं तिला गाठून तोंडावर सांगायच्या, "तू मले जे सांगतलं होतं ते माह्यापासून गेलं. कोणाच्या हाती हाय, मले माहीत नाई. तू जपून राहजो." मी एका घरी सोबत होते. ती बाई सगळं मिटवून नवऱ्याकडे परत गेलेली. तिनं ऐकलं आणि सरळ दार लावून घेतलं. परतताना मी म्हणाले, "नसतं सांगितलं तर तिला काय कळलं असतं?" कुंदाताई म्हणाल्या, "तिले कळलं नसतं, बराबर हाय."

नवा कंप्युटर आणला तो आर्वी नाक्याजवळच्या गजूभाऊंकडून. गजूभाऊ पन्नाशीचे, बोलण्यात निम्मं हिंदी. कुंदाताईंनी त्यांना एकच विचारलं, "हे चोरून नेलं तर कोणाले वाचता नाई आलं पाह्यजे. होते काय असं?"

"होते ना ताई. पूरी डिस्क एन्क्रिप्ट करून देतो. मंजे आतमंदी जे हाय ते सगळं गिचमिड. चालू करतानी पासवर्ड टाकला तरच ते मराठी दिसन. नाई तर खाली डब्बा."

"तुमाले येईन काय उघडता?"

"मलेबी नाई. पासवर्ड इसरल्या तर मी काय, कोणीच काई करू शकत नाई. सोच के बोलो."

"मंग तेच पाह्यजे," कुंदाताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून केंद्रात कागद बंद झाला. सगळं त्या मशीनमध्ये. कुंदाताई तिला पेटी म्हणायच्या. पेटीला दोन पासवर्ड होते. चालू करताना डिस्कचा एक, आणि मग पुढे गेल्यावर लॉगिनचा दुसरा. पडदा काळा झाला की तो दुसरा परत विचारायची. पहिला नुसत्या आकड्यांचा, आम्हा तिघींना पाठ होता. दुसऱ्या, लांबलचक अक्षरांच्या पासवर्डानं मात्र सरोजताईंचा जीव घेतला. त्यांच्या बोटांना संधिवात, डोळ्यांत मोतीबिंदू. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसायचे, एक ठिपका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तीनचारदा चुकलं की पेटी काही वेळ घेईचना. एका दुपारी सरोजताई कीबोर्डवर डोकं ठेवून रडल्या. म्हणाल्या, माझ्याकडून होत नाही, मी घरी बसते.

कुंदाताईंनी गजूभाऊंना बोलावलं. "पहिला पासवर्ड टाकल्यावर दुसरा कायले विचारते हे? एकदा घरात घेतलं ना आमाले, मंग परत परत दार कायले लावते?"

गजूभाऊ म्हणाले, "ऑटो लॉगिन करून देऊ शकतो. डिस्कचा पासवर्ड टाका, सीधा अंदर. पडदा काळा झाला तरी इचारणार नाई. पण एक समजून घ्या ताई, मशीन बंद हाय तवापर्यंतच कुलूप हाय. एकदा का चालू झाली, जो खुर्चीवर बसन त्याची मशीन. डिस्क-फिस्क काई कामाची नाई."

"मंजे उठलं की बंद करायची."

"हरेक बार बंद करा लागन."

"करू," कुंदाताई म्हणाल्या.

आणि त्यांनी केलं. पाणी प्यायला उठल्या तरी पेटी बंद. कोणी हाक मारली तर "थांब, पेटी बंद करून येते." मशीन स्वस्तातलं, चालू व्हायला फार वेळ घ्यायचं. तेवढा वेळ त्या टेबलावर दोन्ही तळवे ठेवून बसून राहायच्या. सरोजताईंनाही ही शिस्त लागली. त्यांचं टायपिंग पुन्हा सुरळीत झालं आणि घरी बसायचं त्यांच्या मनातून गेलं. "पेटी बंद केली काय?" हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा म्हटलं जायचं की गिरणीवाला आम्हाला बघून चिडवायचा.

एकदा सेलूकडचा एक सासरा आला. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी, हातात पेढ्यांचा पुडा. सून कुठं ठेवली ते सांगा म्हणाला. कुंदाताई नाही म्हणाल्या. तो आमदाराचं नाव घ्यायला लागला, मग आवाज चढवला, मग टेबलावर हात आपटून म्हणाला, "त्या कंप्युटरात आहे ना सगळं? उचलून नेऊ का?"

"न्या ना," कुंदाताई म्हणाल्या. "बंद हाय ते. तुमच्या घरच्या टीव्हीवर ठेवाले बरं दिसन." पेढ्यांचा पुडा त्यांनी त्याच्या हातात परत दिला आणि त्याला गेटपर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या, दाराला आतून कडी घातली आणि ती लागली का ते दोनदा ओढून पाहिलं. त्या भीत नसत असं लोक म्हणायचे, ते खरं नाही. त्या फार भीत होत्या.

मंगला रोहणा गावची. दिलेली आर्वीत. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, सुभाष नाव. मंगलाच्या डाव्या दंडावर इस्त्रीचा वण होता, इस्त्रीच्याच आकाराचा. ती दोन खेपा माहेरी पळाली होती, दोन्ही खेपा आईनं परत पाठवली होती. तिसऱ्या खेपेला ती माहेरी न जाता आमच्याकडे आली. तीन वर्षांची मुलगी होती, ती सासूनं ठेवून घेतलेली. मंगला कमी बोलायची. खिडकीतून गिरणी पाहत बसायची आणि मधेच विचारायची, "हे लोक दिवसाचं किती दळतात?"

कुंदाताईंनी तिला केळझरला ठेवलं, आमच्याच एका जुन्या बाईच्या घरी. त्या बाईचं गणपतीच्या देवळाच्या वाटेवर हारफुलांचं दुकान होतं, मागं घर. मंगला हार करायला शिकली. पत्ता आम्हा तिघींना माहीत होता आणि पेटीत होता. पेटीत लिहून ठेवायचा आग्रह कुंदाताईंचाच. "उद्या मी मेली तं तिले कोण शोधन?"

सुभाषला त्यांनी केंद्रात येऊ दिलं. ही गोष्ट मला पटली नव्हती. तो आठवड्यातून एकदा यायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा. मऊ बोलायचा. कुंदाताईंच्या पाया पडायचा, रडायचा, मला एकदा तिला पाहू द्या म्हणायचा. मी म्हणाले, याला हाकला. कुंदाताई म्हणाल्या, "वैशाली, जोपर्यंत तो इथं येऊन राह्यला ना, तोपर्यंत तो तिथं नाई. बसू दे त्याले बाकावर. माह्या डोळ्यासमोर बरा हाय."

त्यांचं डोकं बरोबर चाललं होतं. मला आजही तसंच वाटतं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी कोर्टात होते. मे महिना, वर्ध्याचं ऊन. दुपारची वेळ. सरोजताई आतल्या खोलीत भाजी निवडत होत्या, कुंदाताई पेटीसमोर बसून मंगलाच्या पोटगीच्या अर्जासाठी तिची माहिती पाहत होत्या. सुभाष बाकावर होता. तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, "बाई पडली, बाई पडली!" बसस्टँडवरून चालत आलेली एक बाई आमच्या गेटपाशीच कोसळली होती. कडेवर तान्हं पोर. ते तिच्याखाली दबून ओरडत होतं.

कुंदाताई धावल्या. सरोजताई कांदा घेऊन धावल्या. गिरणीवाला आला, त्याची बायको आली. पोर काढलं, बाईला सावलीत ओढलं, लुगड्यानं वारा घातला. कोणीतरी पाणी आणा म्हणालं. पाण्याचा तांब्या आतून सुभाष घेऊन आला. स्वतः बसून त्यानं त्या बाईच्या तोंडावर पाणी मारलं. बाईनं डोळे उघडले तसा तो उठला, कुंदाताईंना म्हणाला, "येतो ताई," आणि गेला.

कुंदाताई आत आल्या तेव्हा पडदा काळा होता. सरोजताईंनी मला नंतर सांगितलं की ताई दारातच थबकल्या. पेटीकडे पाहिलं. तांब्या आतल्या खोलीत असायचा आणि तिथं जायला पेटीच्या समोरून जावं लागायचं. त्यांनी लगेच केळझरला फोन लावला. मंगलाला म्हणाल्या, "दुकानातून घरात जा, दार लाव, मी येऊन राह्यली." ज्यांच्याकडे ती राहत होती त्यांनाही सांगितलं. मग पोलिसांना फोन केला. ठाण्यात विचारलं, त्यानं काही धमकी दिली का? नाही. काही चोरलं का? नाही. मग काय केलं? कुंदाताई म्हणाल्या, "पाणी आणलं."

त्या ऑटोनं निघाल्या. सुभाषकडे मोटरसायकल होती.

पुढचं मी थोडक्यात सांगते. मंगला घरात जाऊन दार लावून बसली होती. त्यानं दार ठोकलं नाही. शेजारणीला नमस्कार करून म्हणाला, मी मंगलाचा भाऊ, मुलीला बरं नाही, तिला न्यायला आलो. शेजारणीनं हाक मारली. मुलीचं नाव ऐकून मंगलानं दार उघडलं. हार कापायची कात्री तिथंच पडली होती. कुंदाताई पोहोचल्या तेव्हा दुकानापुढे गर्दी होती आणि सुभाष कठड्यावर बसला होता, पळाला नव्हता. मंगलाला दवाखान्यात नेलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

सुभाषनं पोलिसांना सगळं सांगितलं. कुंदाताई आणि मी ठाण्यात समोरच होतो. तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, "मी चोरी नाई केली साहेब. कंप्युटर चालूच होता. एक बटन दाबलं तं तिचंच नाव समोर." साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. कुंदाताईंनी मान हलवली, खरं आहे म्हणून.

कोणी त्यांना दोष दिला नाही. साहेब म्हणाले, तुम्ही एका मरत्या बाईसाठी धावलात. वकील म्हणाले, कायद्यानं तुमच्यावर काही येत नाही. सरोजताई तर त्यांच्या पायाशी बसल्या. "माह्यासाठी तुमी तो दुसरा पासवर्ड काढला. पाप माह्यं हाय."

"तुमच्यासाठी नाई काढला," कुंदाताई म्हणाल्या. "मले वाटलं होतं मी कधीच इसरणार नाई. त्यासाठी काढला."

सरोजताईंना त्यांनी हाताला धरून उठवलं. त्याच दुपारी गजूभाऊंना बोलावून ऑटो लॉगिन बंद करायला लावलं. पुढे सरोजताईंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. दुसरा पासवर्ड त्या एकेक अक्षर पुटपुटत टाकतात. आजही टाकतात.

मग कुंदाताई रोहण्याला जायला निघाल्या. मंगलाच्या आईकडे. मी म्हणाले, "आत्ता नका जाऊ. ती बाई काय अवस्थेत असेल." त्या बूट घालत होत्या. मला उमगलं की यांना थांबवता येणार नाही, म्हणून मी सोबत गेले.

गिरजाबाई ओसरीवर बसल्या होत्या. वाळलेली, काटक बाई. घरात चारसहा नातेवाईक. कुंदाताई त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. पत्ता आमच्या कंप्युटरमध्ये होता. त्याला आधी दोन कुलपं होती, एक मी काढायला लावलं. त्या दिवशी मी ते उघडं टाकून बाहेर गेली. तुमच्या जावयानं ते वाचलं. असं, याच क्रमानं. बाहेर पडलेल्या बाईचा आणि तिच्या पोराचा त्यांनी उल्लेखच केला नाही. मी तो करायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

नातेवाइकांतला एक माणूस उठून शिव्या देऊ लागला. गिरजाबाईंनी त्याला गप्प केलं. मग त्यांनी विचारलं, "त्या मशीनमंदी अजून काय लिवलं होतं तिचं?"

"ती जे बोलली ते सगळं."

"माह्याबद्दल काय बोलली?"

मला ते माहीत होतं. सरोजताईंनी टाइप केलेलं मी वाचलं होतं.

"सांगा ना. मी तिले दोनदा वापस धाडलं. त्याच्याबद्दल काय बोलली ती?"

"गिरजाबाई, बाईनं सांगितलेलं मी कोणाले सांगत नाई. मेली तरी नाई. तसं मी तिले कबूल केलं होतं."

गिरजाबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "त्याले वाचू देलं. अन् मले नाई?"

कुंदाताईंना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही रडल्या नाहीत. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चाला माह्यासंग."

आम्ही तिघी एसटीनं परत आलो. केंद्रात आल्यावर कुंदाताईंनी गिरजाबाईंना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पेटी चालू केली, पहिला पासवर्ड टाकला, दुसरा टाकला. सरोजताईंना आणि मला बाहेर जायला सांगितलं. पण दार लोटलेलं होतं आणि त्या दिवशी गिरणी बंद होती, म्हणून ऐकू आलं.

गिरजाबाईंना वाचता येत नव्हतं. कुंदाताईंनी वाचून दाखवलं. सगळं. इस्त्रीचं, सासूचं, मुलीचं. मग ते. मंगला म्हणाली होती, आईकडे गेले की आई मला जेवायला वाढते, डोक्याला तेल लावते आणि सकाळच्या गाडीत बसवून देते. तेल लावलं की मला समजते, उद्या जायचं आहे. आता मला कोणी डोक्याला हात लावला तरी मी पिशवी भरायला उठते.

मग गिरजाबाईंचा आवाज आला, "झालं?"

"झालं."

"अजून काई नाई?"

"नाई."

एखादं वाक्य जोडता आलं असतं. शेवटी आईची आठवण काढत होती, म्हणून. मी जोडलं असतं. तुम्हीही जोडलं असतं.

गिरजाबाई बाहेर आल्या, पायऱ्यांवर बसून चपला घातल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रोहण्याची गाडी कुठून मिळन?" मी त्यांना स्टँडवर पोहोचवून आले.

त्यानंतर कुंदाताईंनी केंद्राचा कारभार माझ्यावर आणि सरोजताईंवर सोपवला. येत होत्या, फोन घेत होत्या, बायांशेजारी बसत होत्या, पण पेटीला हात लावला नाही. आठवड्यातून एक दिवस त्या रोहण्याला जायच्या. मी पहिल्यांदा विचारलं, "गिरजाबाई बोलतात का?" म्हणाल्या, "नाई." "मग तुम्ही काय करता?" "बसते. त्या काम करतात, मी बसते. कधी शेंगा देतात सोलाले, मंग सोलते." मंगलाच्या मुलीचा ताबा गिरजाबाईंना मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला, दोघी मिळून तारखांना जायच्या. मुलगी मिळाली. सहा महिने ती पोर कोणाशीच बोलली नाही असं ऐकलं.

सुभाषचा खटला उभा राहिला. कुंदाताईंची साक्ष झाली. त्याच्या वकिलानं त्यांना उभं आडवं घेतलं. "म्हणजे तुमच्याच निष्काळजीपणामुळं हे घडलं, असं म्हणायचं का?" कुंदाताई म्हणाल्या, "पत्ता माह्यामुळं भेटला. कात्री त्यानं घेतली." वकील म्हणाला, दुसरा पासवर्ड का काढला? त्या म्हणाल्या, "सोपं जावं म्हणून." न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं होतं, ते माझ्या लक्षात आहे. मग तारखांवर तारखा पडत राहिल्या.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत कुंदाताई गेल्या. झोपेतच. मी तोवर नागपूरला नोकरी धरली होती, मला फोनवर कळलं. म्हणून त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी, वर्ध्याच्या कोर्टात, सुभाषच्या जामिनाच्या दिवशी.

वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात लांब बाक आहे, तिथं त्या आणि गिरजाबाई सकाळपासून बसून होत्या. गिरजाबाई पहाटेच्या गाडीनं आलेल्या. उन्हाची तिरीप, माणसांची वर्दळ, आणि गिरजाबाईंचा डोळा लागला. मी आतून आदेश ऐकून बाहेर आले तेव्हा त्यांची मान कलून कुंदाताईंच्या खांद्यावर आली होती. तोंड उघडं, पदर सरकलेला. दीड वर्षात त्या बाईनं कुंदाताईंना बोटही लावू दिलं नव्हतं, हे मला सरोजताईंनी सांगितलं होतं.

मी जवळ जाऊन वाकले. हळूच म्हणाले, "जामीन झाला, ताई."

कुंदाताईंनी डोळे मिटून उघडले. मान हलवली नाही, खांदा हलेल म्हणून. ओठांनीच म्हणाल्या, "उठू दे त्याईले. मंग सांगते."

तेवढ्यात कोर्टरूमचं दार उघडलं आणि सुभाष बाहेर आला. मागे त्याचा भाऊ, वकील. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. आमच्यासमोरून जाताना थांबला. सवयीनं असेल, किंवा मुद्दाम, त्यानं वाकून कुंदाताईंना हात जोडले. मला वाटलं त्या उठतील, काहीतरी म्हणतील. त्या हलल्या नाहीत. डाव्या हातानं त्यांनी गिरजाबाईंचा सरकलेला पदर चेहऱ्यावर ओढून घेतला, तिरीप डोळ्यांवर येत होती तेवढी झाकली, आणि समोर बघत बसून राहिल्या.

मी जिना उतरले. खालून वर पाहिलं तेव्हा तो निघून गेला होता. त्या दोघी तशाच होत्या.